गरम जागेचा पार्ट: २६१८, ४०३२ की झटपट गोठवलेलं ॲल्युमिनियम?

वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या युनिटमध्ये ड्रॉइंग येतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: चालू तापमान २८० अंश, वजन कमी हवं, लोखंड चालणार नाही. खरेदीवाला ॲल्युमिनियमचा कॅटलॉग उघडतो आणि टेन्साइलचा, म्हणजे ओढून तुटेपर्यंतच्या ताकदीचा, सगळ्यात मोठा आकडा असलेल्या ग्रेडवर बोट ठेवतो. पहिली चूक होते ती इथेच. ७०७५-टी६ (आधीचा आकडा ॲल्युमिनियमच्या ग्रेडचा, ‘टी’चा हीट ट्रीटमेंटचा) चं यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढे धातू कायमचा वाकतो तो ताण, खोलीच्या तापमानाला ५०३ मेगापास्कल असतं, तर १५० अंशांवर दीर्घकाळ राहिल्यावर तेच १८६ वर येतं. म्हणजे शोरूममधला पहिलवान भट्टीच्या दारातच बसतो. गरम जागेच्या पार्टसाठी खोलीतला आकडा जवळपास निरुपयोगी असतो. विचारायचे प्रश्न दोनच: तापमान किती, आणि त्या तापमानावर एकूण तास किती?

झटपट गोठवलेले (रॅपिडली सॉलिडिफाइड), म्हणजे ज्यांना शॉपमध्ये सरळ ‘आरएस’ म्हणतात ते मिश्रधातू, या प्रश्नावर खूपच पुढे आहेत. मात्र सगळे आरएस नाहीत, सगळ्या तापमानांना नाहीत आणि सगळ्या आकारांना तर नाहीतच. म्हणून आधी आकडे समोरासमोर ठेवू. हे यील्डचे आकडे आहेत, मेगापास्कलमध्ये.

| तापमान (अंश से.) | ६०६१-टी६ | ४०३२-टी६ | २६१८-टी६१ | २२१९-टी८१ | ८००९ (आरएस) |
|---|---|---|---|---|---|
| २४ | २७६ | ३१७ | ३७२ | ३४५ | ४१४ |
| १५० | २१४ | २२८ | ३०३ | २७६ | ३४५ |
| २०५ | १०३ | ६२ | १७९ | २०० | २३० अंशांना ३१० |
| २६० | ३४ | ३८ | ६२ | १५९ | – |
| ३१५ | १९ | २२ | ३१ | ४१ | २५५ |

या तक्त्यात एक खोच आहे आणि विकणारा ती सांगत नाही. डावीकडचे चार ग्रेड त्या तापमानावर १०,००० तासांपर्यंत ठेवून मिळालेले किमान आकडे आहेत. ८००९ चे आकडे त्या तापमानावर थोडा वेळ ठेवून ओढलेल्या नमुन्यांचे आहेत. तुलना तंतोतंत नाही. पण या प्रकाराची रचना ३१५ अंशांवर शेकडो तास ठेवली तरी फारशी हलत नाही, त्यामुळे निष्कर्ष उलटत नाही, फक्त दरी थोडी कमी होते. उलट, तुमचा पार्ट आयुष्यभरात २६० अंशांवर एकूण ५० तासच राहणार असेल तर २६१८ चा प्रत्यक्ष आकडा ६२ पेक्षा बराच वर असेल. तासांचा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

२६१८ किंवा ६०६१ ची ताकद तांबं, मॅग्नेशियम, सिलिकॉन यांच्या अतिसूक्ष्म कणांतून येते. हे कण आपण एजिंगमध्ये, म्हणजे धातू मध्यम तापमानावर धरून, मुद्दाम तयार करतो: २६१८ ला ५३० अंशांवर सोल्यूशन (मिसळलेले धातू विरघळवणं), उकळत्या पाण्यात क्वेंच (झटकन थंड करणं), मग २०० अंशांवर २० तास. पार्ट २६० अंशांवर चालायला लागला की तीच एजिंग पुन्हा सुरू होते, आणि थांबवायला कोणी नसतं. लहान कण विरघळतात, मोठे आणखी मोठे होतात, मधलं अंतर वाढतं आणि धातू मऊ पडतो. लोहाचं तसं नाही. घन ॲल्युमिनियममध्ये लोह जेमतेम ०.०५ टक्के विरघळतं, आणि ४०० अंशांवर ते तांब्याच्या तुलनेत कितीतरी पट सावकाश सरकतं. झिर्कोनियम आणि व्हॅनेडियम तर त्याहून कितीतरी मंद. म्हणून लोहाचे कण एकदा बारीक बसवले की उष्णतेत ते सहजासहजी फुगत नाहीत.

पण बसवायचे कसे? साध्या ओतकामात ८ टक्के लोह टाकलं तर सुईसारखे लांब, ठिसूळ दाणे तयार होतात आणि कास्टिंग हातातच मोडतं. ते टाळायचं तर धातूला जमायला वेळच द्यायचा नाही. पॉल ड्यूवेझ यांनी १९६० मध्ये कॅलटेकमध्ये वितळलेल्या धातूचा थेंब थंड तांब्यावर आपटून हा रस्ता उघडला. वाळूच्या साच्यात सेकंदाला फार तर काही अंश उष्णता उतरते, डाय कास्टिंगमध्ये शेकड्यांत, वायूने फवारलेल्या पावडरीत हजार ते लाख, आणि फिरत्या तांब्याच्या चाकावर ओतलेल्या पट्टीत लाख ते दहा लाख अंश. ॲल्युमिनियमच्या डेंड्राइटच्या (गोठताना झाडासारख्या वाढणाऱ्या स्फटिकाच्या) फांद्यांमधलं अंतर या वेगाच्या घनमुळाच्या उलट प्रमाणात जातं. सेकंदाला १ अंश असेल तर सुमारे ५० मायक्रॉन, दहा लाख असतील तर अर्धा मायक्रॉन.

आता एकेक पर्याय. २६१८ची ओळख करून द्यायची गरज नसावी. रोल्स-रॉइसच्या आरआर५८ या मिश्रधातूचा हा वंशज. कॉन्कॉर्ड विमानाच्या कातडीला हाच वापरला होता, आणि तिथे नाकाशीही तापमान १२५ अंशांच्या आसपासच राहायचं. टर्बोचार्जरचं कॉम्प्रेसर व्हील अखंड बिलेटमधून (ठोकळ्यातून) कातायचं असेल आणि बाहेर पडणारी हवा १५० ते १८० अंशांची असेल, तर आजही पहिली निवड हीच. बार मिळतो, फोर्जिंग मिळतं, हीट ट्रीटमेंट करणारे आपल्याच एमआयडीसीत आहेत. अडचण क्वेंचमध्ये. उकळत्या पाण्याऐवजी साध्या नळाच्या पाण्यात बुडवलं तर कडकपणा थोडा जास्त येतो, म्हणून लोक मोहात पडतात. मग पातळ पात्यांचं व्हील कातताना आतला ताण सुटतो आणि पाती वाकतात. तांब्यामुळे गंजही लवकर धरतो, त्यामुळे ॲनोडायझिंग हवंच.

४०३२ आणि एलएम१३ हे पिस्टनचे ग्रेड. तक्त्यात ४०३२ गरमीत दुबळा दिसतो आणि तो आहेच. तरीही पिस्टन त्याचेच होतात, कारण १२ टक्के सिलिकॉनमुळे प्रसरण प्रति अंश दशलक्षात १९.५ एवढंच असतं, २६१८ चं २२ च्या वर. सिलिंडरशी क्लिअरन्स कमी ठेवता येतो आणि थंड इंजिन खडखडत नाही. मुकुटाशी २५० ते ३०० अंश असले तरी तिथे जाडी देऊन वेळ निभावली जाते. दुचाकीच्या साध्या पिस्टनला आरएस वापरणं म्हणजे वरातीचा घोडा नांगराला जुंपणं; पैसे जातील, फायदा दिसणार नाही.

२२१९ बद्दल थोडक्यात. २६० अंशांना जुन्या ग्रेडमध्ये हाच सगळ्यात चिवट, आणि वेल्डही होतो. पण टी८१ ला क्वेंचनंतर थंड अवस्थेत ताण द्यावा लागतो. प्लेटला ते सोपं, वेड्यावाकड्या फोर्जिंगला नाही. तिथे टी६ वर समाधान मानायचं आणि तक्त्यातल्या आकड्यांपेक्षा कमी धरायचं.

मूळ मुद्दा ८००९ घराण्याचा. लोह ८.५, व्हॅनेडियम १.३, सिलिकॉन १.७ टक्के, बाकी ॲल्युमिनियम. अमेरिकेच्या अलाइड-सिग्नलने हे १९८० च्या दशकात विकसित केलं. जवळपास त्याच काळात अल्कोआने लोह-सिरियम, तर प्रॅट अँड व्हिटनीने लोह-मॉलिब्डेनम प्रकार आणले. आकारमानाच्या पावभराहून जास्त हिस्सा १०० नॅनोमीटरपेक्षा लहान, गोलसर सिलिसाइड कणांचा असतो. व्हॅनेडियम आणि सिलिकॉन कशासाठी? नुसत्या लोहाचा कण अस्थिर असतो, तापल्यावर त्याचं रूपांतर सुईत होतं. व्हॅनेडियम-सिलिकॉनमुळे घनाकृती स्फटिक बनतो, तो आजूबाजूच्या ॲल्युमिनियमशी चांगला जुळतो आणि वाढायला फारच कंटाळा करतो. या धातूला सोल्यूशन, क्वेंच, एजिंग यातलं काहीच लागत नाही. एक्स्ट्रूड झालेला (डायच्या भोकातून दाबून काढलेला) बार थेट कातायचा. क्वेंचचा वाकडेपणा नाही, भट्टीचं बिल नाही. लवचीकता गुणांक ८८ गिगापास्कलच्या आसपास, २६१८ चा ७४. त्यामुळे पातळ पार्टही ताठ राहतो. घनता मात्र २.९ च्या वर, साध्या ॲल्युमिनियमपेक्षा थोडी जड.

आता त्याची दुखरी बाजू. याची ताणक्षमता, म्हणजे तुटण्याआधी लांबण्याची क्षमता, तापमानाबरोबर सरळ वाढत नाही. खोलीत ती सुमारे १३ टक्के, १५० अंशांना ७, ३१५ ला पुन्हा १२. मध्ये खड्डा आहे, आणि भार जितका सावकाश चढतो तितका हा खड्डा खोल होतो. गंमत म्हणजे ‘गरम होतोय, जरा चांगलं मटेरियल घेऊ’ असं बहुतेकांना जिथे वाटतं, ते तापमान नेमकं हेच: १५० ते २००. तिथे धारदार कोपरा, चावीची खाच किंवा थ्रेडचा तळ असलेला पार्ट ८००९ मध्ये केला तर २६१८ पेक्षा आधी चिरण्याची शक्यता आहे. १८० अंशांखाली या घराण्याच्या वाटेला न गेलेलंच बरं. खरा फायदा साधारण २२० पासून सुरू होतो आणि ३२५ पर्यंत टिकतो. त्यापुढे टायटॅनियम किंवा पोलाद घ्या, कातायला कितीही महाग पडलं तरी.

दुसरी दुखरी बाजू दिशेची. पट्टी २५ ते ५० मायक्रॉन जाडीची असते. ती दळून चुरा करतात, निर्वातात तापवून दाबतात आणि मग एक्स्ट्रूड करतात. प्रत्येक चुऱ्यावर ऑक्साइडची पातळ साल असते. एक्स्ट्रूजनचं प्रमाण (आधीचं आणि नंतरचं छेदाचं क्षेत्रफळ) १०:१ च्या खाली ठेवलं तर ही साल नीट फाटत नाही आणि जुन्या कणांच्या सीमा थराथराने तशाच राहतात. लांबीच्या दिशेने ओढलेला नमुना झकास आकडे देतो, आडव्या दिशेचा मात्र थर सोडून उकलतो. २० मिमीच्या बारमध्ये हे भागतं. मोठ्या व्यासाच्या चकतीसाठी एवढं एक्स्ट्रूजन द्यायला प्रचंड प्रेस लागते, म्हणून मोठे आरएस पार्ट दुर्मीळ असतात.

दाबण्याआधीची पायरी मराठवाड्यात विशेष जपण्यासारखी. पावडर किंवा चुऱ्यावरची साल पावसाळ्यात ओलावा धरते, आणि हा ओलावा पुसून जाणारा नसतो, रासायनिक बांधलेला असतो. निर्वातात ३५० अंशांच्या वर पुरेसा वेळ ठेवल्याशिवाय तो सुटत नाही. सुटला नाही तर पुढे हायड्रोजन होऊन धातूच्या पोटात बसतो. जुलै-ऑगस्टमध्ये डबा उघडा ठेवून ‘उद्या भरू’ म्हणणारे पुढे फोड मोजत बसतात. वीज गेली आणि निर्वात पंप थांबला, तर गरम पावडरीत हवा शिरते. आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह आणि पंपाला बॅकअप नसेल तर हे काम हाती घेऊ नये. बारीक ॲल्युमिनियम पावडरीचा धुरळा पेट घेतो. पेटली तर पाणी मारायचं नाही, कोरडी वाळू किंवा डी वर्गाचं अग्निशामक वापरायचं. बारीक पावडर जास्त झपाट्याने गोठलेली असते, पण साल आणि धोका दोन्ही जास्त. जाड पावडरीत धोका कमी, पण आतली रचना ढोबळ. ४५ मायक्रॉनच्या चाळणीखालचा माल हा सर्वसाधारण तोडगा.

तिसरी बाजू जोडकामाची. टिग किंवा मिगने वेल्ड केलं की वितळलेल्या भागात सगळी मेहनत पाण्यात जाते: पुन्हा सुया, वर हायड्रोजनची छिद्रं. बोल्ट, इन्सर्ट किंवा फ्रिक्शन स्टर (न वितळवता घर्षणाने जोडणं) हेच मार्ग. ब्रेझिंग असलेल्या जोडणीत तर हा धातू सुचवूही नये.

आरएस म्हटलं की सगळंच उष्णता सोसतं, हा समज मोडून काढायला हवा. नेदरलँड्समधल्या आरएसपी टेक्नॉलॉजीचा आरएसए-६०६१ हा झटपट गोठवलेला ६०६१ आहे. दाणे इतके बारीक की हिऱ्याच्या टूलने कातून आरसा होतो आणि दुर्बिणींना लागतो. पण ताकद देणारे कण मॅग्नेशियम-सिलिकॉनचेच, म्हणून २५० अंशांना तो साध्या ६०६१ सारखाच बसतो. तीच गोष्ट जास्त सिलिकॉनवाल्या फवारून बनवलेल्या मालाची. मर्सिडीजच्या इंजिनांत २५ टक्के सिलिकॉन, ४ टक्के तांबं, १ टक्का मॅग्नेशियमचे स्प्रे-फॉर्म्ड लायनर (सिलिंडरची अस्तरं) वापरले गेले. ओतकामात ५० मायक्रॉनच्या वर जाणारा सिलिकॉनचा दाणा इथे काही मायक्रॉनचाच असतो. घासण्याला टिकाव आणि कमी प्रसरण हे त्याचे खरे गुण. उष्णतेतली ताकद हवी असेल तर त्यात लोह आणि निकेलही असलं पाहिजे. नसेल तर पुन्हा तांब्यावरच विसंबणं आलं. कातायला पीसीडी (हिऱ्याच्या धारेचे) इन्सर्ट घ्या, कार्बाइडची धार पहिल्याच बॅचमध्ये जाते.

थ्रीडी प्रिंटिंगचा पर्याय आता पुणे-हैदराबादेतून सहज मागवता येतो. लेझरने वितळलेला पावडरीचा ठिपकाही सेकंदाला लाख ते दहा लाख अंशांनी गोठतो, म्हणजे हे आरएसच. नेहमीचा प्रिंट होणारा ग्रेड ॲल्युमिनियम-सिलिकॉन १०-मॅग्नेशियम. प्रिंटनंतर टेन्साइल ४०० च्या वर येतं, पण ताण काढायला ३०० अंशांवर दोन तास ठेवलं की तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गळतो. २८० अंशांवर चालणारा पार्ट तेच काम स्वतःवर करून घेतो, फक्त जरा सावकाश. स्कँडियमवाला स्कॅल्मॅलॉय खोलीत ५०० च्या पुढे जातो, पण त्यातलं मॅग्नेशियम गरमीत ढिलं पडतं. गरम जागेसाठी प्रिंट करायचंच असेल तर लोह-झिर्कोनियम किंवा सिरियम-मँगनीज घराण्याची पावडर विचारा. २६१८ किंवा ७०७५ ची पावडर मात्र साधी प्रिंट करू नका, गोठताना तडे जातात. मोठी सोय ही की एक्स्ट्रूजनची आकाराची अट इथे नाही. गुंतागुंतीचा ब्रॅकेट, आतून वाहिन्या असलेलं हीट एक्स्चेंजर, दहा-वीस नगांची गरज असेल तर प्रिंट. हजारात नग लागणार असतील तर नाही.

मग ठरवायचं कसं? टर्बोचं कॉम्प्रेसर व्हील, १८० अंशांपर्यंत: २६१८. २०० च्या वर आणि वेग जास्त असेल तर टायटॅनियमचा भाव काढा. दुचाकीचा पिस्टन: एलएम१३ किंवा ४०३२. गरम साच्याशेजारचं हलकं फिक्स्चर, २५० ते ३०० अंश, हजारो तास, आकार सरळ बार किंवा पट्टीतून निघणारा: ८००९ सारखा लोहवाला आरएस, मिळाला तर. मिळणं हीच खरी अडचण. हा ग्रेड गोदामात पडून मिळणारा नाही, किलोचा भाव २६१८ च्या कितीतरी पट असतो आणि ऑर्डरची किमान मात्रा छोट्या युनिटच्या आवाक्याबाहेर जाते. त्यामुळे तिथे २२१९ ला जाडी वाढवून बसवता येतं का, हे आधी गणित करून पाहा. दहातल्या बऱ्याच प्रकरणांत तेवढ्यावर भागतं. प्रयोग म्हणून थोडा माल हवा असेल तर हैदराबादेतल्या एआरसीआय आणि डीएमआरएल या संशोधन संस्थांचं पावडर धातुशास्त्रात काम आहे. नांदेड-लातूरहून मुंबईपेक्षा ते जवळही पडतं. ॲल्युमिनियमच्या चाचण्यांसाठी नागपूरचं जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र.

माल आला की तीन तपासण्या गेटवरच करा, सर्टिफिकेटवर विसंबू नका. पहिली: बारचा तुकडा ४८० अंशांवर चार तास ठेवा, पृष्ठभागावर फोड आले तर हायड्रोजन काढलेला नाही, माल परत. दुसरी: ३१५ अंशांवर १०० तास ठेवून कडकपणा आधी आणि नंतर मोजा. खरा लोह-व्हॅनेडियमवाला जवळपास जागेवर राहतो. दहा टक्क्यांहून जास्त उतरला तर पट्टी जाड होती किंवा एक्स्ट्रूजन फार गरम झालं. मफल भट्टीचा डिस्प्ले बघू नका, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) तुकड्याला टेकलेला असू द्या. या दोन्ही कसोट्या लोहवाल्या आरएससाठी आहेत. २६१८ वर लावल्या तर चांगला मालही नापास होईल. तिसरी: आडवा काप पॉलिश करा, केलर एचंट हे आम्लांचं मिश्रण लावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ५०० पटींत बघा. चांगला भाग जवळपास कोरा दिसतो, कारण कण प्रकाशात दिसण्याइतके मोठेच नसतात. मध्येमध्ये काळसर, ढोबळ जाळीचे पट्टे दिसले तर ते सावकाश गोठलेले. थोडे असतात, चालतात. पट्टे एकमेकांना जोडून रांग धरत असतील तर आडव्या दिशेचा टेन्साइल रिपोर्ट मागितल्याशिवाय पैसे देऊ नका.

आणि कातकामाचा बुरा वेगळ्या पिंपात. ८००९ चा १० किलो बुरा चुकून एलएम२५ या ओतकामाच्या ग्रेडच्या २०० किलो रसात गेला, तर ०.३ टक्के लोहाचा रस ०.७ वर पोहोचतो. एलएम२५ ची मर्यादा ०.५ आहे. रसातलं लोह काढायचा परवडणारा उपाय नाही, शुद्ध ॲल्युमिनियम ओतून पातळ करणं एवढंच हातात उरतं. पिंपाला लाल पट्टा मारा आणि भंगारवाल्यालाही सांगा, कारण तो ते पुढे कुणाच्या भट्टीत घालेल याचा नेम नाही.